आठवी सही

सकाळी दहाच्या सुमारास स्पॅनर जुन्या चादरीत काहीतरी गुंडाळून घेऊन आला आणि दारातूनच म्हणाला की आधी चहा, मग काम. स्पॅनर हे काही त्याचं खरं नाव नव्हे. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला त्याचं गॅरेज होतं. जुन्या गाड्या घेऊन लोक लांबून त्याच्याकडे येत, आणि त्या गाड्यांतलं जे जे लाकडाचं असेल ते तो पॉलिशसाठी गल्लीतल्या या पॉलिशवालीपुढे आणून टाकी. गल्लीने हिलाही नाव ठेवलं होतं, सँडपेपर. कामावरून पडलंय, असं ती नवख्या माणसाला सांगायची. पडलं होतं जिभेवरून, हे तिला चांगलं ठाऊक होतं, आणि त्याचं तिला वाईटही वाटत नसे.

चादरीतून निघाला तो एका गाडीचा डॅशबोर्ड. साठ-सत्तर वर्षांपूर्वीची, दोन सीटांची, उघड्या टपाची स्पोर्ट्स गाडी. त्या वेळी डॅशबोर्डाची फळी लाकडाची असायची आणि तिच्यावर अक्रोडाचं व्हिनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, चिकटवलेलं असायचं. डावीकडे, म्हणजे शेजारी बसणाऱ्याच्या बाजूला, सामानाच्या कप्प्याचं झाकण; उजवीकडे मीटरची गोल भोकं आणि टोकाला स्टीअरिंगच्या दांड्यासाठी खाच. वरचा लॅकरचा चकचकीत थर पिवळा पडला होता, त्याला बारीक तडे गेले होते. आणि बरोबर मधोमध एक ठसा होता. लॅकर ओलं असताना कोणीतरी उजव्या हाताची पाच बोटं टेकवावीत, तसा.

"मालकाचं म्हणणं एवढंच की तो डाग गेला पाहिजे," स्पॅनर चहा फुंकत म्हणाला. "बाकी तुझं तू बघ."

तिने सवयीने फळी उलटी केली. या धंद्यात एक शिरस्ता आहे. काम पुरं झालं की पॉलिशवाला मागच्या कोऱ्या लाकडावर पेन्सिलीने आपली सही करतो आणि खाली साल घालतो. गिऱ्हाइकाला ती कधी दिसत नाही. ती असते पुढच्या पॉलिशवाल्यासाठी. पुढच्याला कळायला नको का शिवी कोणाला घालायची, असं तिचे बाबा म्हणायचे. एखाद्या फळीमागे दोन सह्या असतात, फार तर तीन. इथे एकाखाली एक सात होत्या.

चौथी सही म्हणजे एक अर्धा गोल आणि त्यात टिंब. लहानपणी खुर्च्यांखाली, कपाटांमागे, टेबलांच्या पोटाशी तिने ती शंभरदा पाहिली होती. साल सव्वीस वर्षांपूर्वीचं.

"चहा गार होतोय तुझा," स्पॅनर म्हणाला.

तिने ऐकलं नाही.

सव्वीस वर्षांपूर्वी ती बारा वर्षांची होती. एका दुपारी बाबांच्या दुकानात पाच-सहा कारागीर गप्पा मारत बसले असताना एक ताठ, हातमोजे घातलेला माणूस आला. त्याने एक फळी टेबलावर उभी ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, की ओल्या थराला हात लावणाऱ्या माणसाला मी पॉलिशवाला म्हणत नाही. एवढं बोलून तो गेला.

बाहेरच्या माणसाला यात काय मोठंसं, असं वाटेल. पण या कामात ओल्या थराला बोट लावणं ही पहिल्या आठवड्यातली चूक. शिकाऊ माणूस ती एकदा करतो, बोलणी खातो आणि जन्मभरासाठी कानाला खडा लावतो. थर वाळला की नाही हे बोटाने बघायचंच नसतं. तोंड जवळ नेऊन त्यावर श्वास सोडायचा. वाफ धरते आणि विरते, आणि सगळीकडे सारखी विरली की समजायचं वाळला. तीस वर्षं पॉलिशचा बोळा फिरवलेल्या माणसाला चारचौघांत असं बोलणं म्हणजे पोहायला शिकवणारा गुडघाभर पाण्यात बुडाला, असं सांगण्यासारखं होतं. गल्लीने बाबांचं नाव पाचबोट्या ठेवलं. महिन्याभरात त्यांनी दुकान आवरलं आणि मग वर्षानुवर्षं लोखंडी कपाटांना रंग मारला.

याहून वाईट म्हणजे बाबांनी ते खरं मानलं. शेवटचा थर दिला त्या दुपारी फळीशेजारच्या स्टुलावर त्यांचा घटकाभर डोळा लागला होता. लागला असेल हात, झोपेत, एवढंच ते म्हणत. त्या दिवसापासून पॉलिशच्या खोलीत पाऊल टाकलं की त्यांचे दोन्ही हात खिशात जात. मुलीने हट्टाने हाच धंदा धरला तेव्हा त्यांनी तिला सगळं शिकवलं, पण हात खिशात ठेवून. बोळा मनगटातून फिरव. दाबू नको. थांबू नको, थांबलीस की चिकटेल. ज्याचे हात काम करताना कधी पाहिलेच नाहीत, अशा माणसाकडून ती शिकली. बाबांची तिला कीव यायची आणि रागही यायचा. त्या हातमोजेवाल्याचा तर नुसता रागच.

आणि आता त्याची फळी तिच्या टेबलावर पडली होती.

बाबा वरच्या खोलीत राहत. तिने फळी वर नेऊन त्यांच्यापुढे उलटी धरली. त्यांनी बराच वेळ सही पाहिली, मग फळी सुलटी करायला सांगितली. ठसा पाहून ते जरासे गोंधळले.

"परत दे ती," ते म्हणाले.

"का?"

"सांगतोय म्हणून."

"मी नाही देणार," ती म्हणाली. "तुम्ही हात लावला नव्हता, बाबा. मी दाखवून देते."

"आणि लावला असेल तर?"

ती खाली आली आणि लॅकर काढायचं औषध घेऊन बसली. औषधाचा वास डोळ्यांत जात होता. जुना थर सुरकुतला, उकललेल्या सालीसारखा वर आला, तो तिने पातळ पात्याने खरवडून घेतला. ठसा त्याच थरासोबत गेला. खाली लाकूड स्वच्छ होतं. खिडकीच्या उजेडात तिरकं धरून पाहिलं, ओलं करून पाहिलं. डाग नाही, खड्डा नाही, काही नाही. तेव्हा तिला जरा निराशाच वाटली. दाखवून द्यायचं होतं ते तिने स्वतःच पुसलं होतं.

पुढचे चार दिवस रोज दोन थर. मधे बारीक कागदाने घासणं, ओल्या फडक्याने पुसणं. शेवटचा थर असा बसला की खिडकीचे गज त्यात मोजता यावेत. तो देऊन तिने फळी वाळवणीच्या कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली दोऱ्यात ओवून गळ्यात अडकवली. एवढी खबरदारी ती एरवी घेत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी कपाट उघडलं तर ठसा होता.

आधी तिने स्वतःचेच हात पाहिले. माणसाचं मन कसं असतं बघा. कुलूप जागेवर, किल्ली गळ्यात, आणि तरी पहिला विचार हाच की फळी ठेवताना आपलंच बोट लागलं असणार. बाबांचं काय झालं असेल ते त्या क्षणी तिला कळलं. मग ती भानावर आली आणि तिला सणकून राग आला. तिने पारदर्शक कागद घेतला, तो ठशाला न टेकवता वर अधांतरी धरून बोटं पेन्सिलीने उतरवून घेतली. हात लहानसर, बोटं सडपातळ. करंगळी शेवटच्या पेरापाशी बाहेर वळलेली. काढून टाकलेला ठसा बरोबर मधोमध होता. हा मधल्यापासून दोन बोटं उजवीकडे होता.

पाचवी सही एका पियानो-पॉलिशवाल्याची होती. आता तो थकून घरी बसला होता, पण त्याचा फोन नंबर गल्लीत होता. तिने त्या फळीचं नाव काढलं.

"मी हात लावला नव्हता," म्हातारा म्हणाला. "एवढंच सांगतो."

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "ठसा कुठे होता?"

"कप्प्याच्या झाकणावर. मी त्याबद्दल कोणाशी बोललो नाही कधी. काय बोलणार?" मग थोडं थांबून तो म्हणाला, "तुमचाही उठला का?"

तिने वर जाऊन बाबांना तोच प्रश्न विचारला. बाबांनी डोळे मिटून सांगितलं: अगदी डावीकडे, दाराच्या कडेला. म्हणूनच मधला ठसा पाहून ते गोंधळले होते.

म्हणजे बाबांपासून सातव्यापर्यंत चार जण. चौघांनीही मान खाली घालून तो ठसा आपल्या माथी घेतला, आणि दुसऱ्याला विचारायची लाज वाटली म्हणून कोणालाच काही कळलं नाही. फळीमागे सगळे एकाखाली एक उभे होते, आणि पुढून तो हात दाराकडून मधल्या भागापर्यंत चालत आला होता. ती घाबरली, नाही असं नाही. पण भीतीपेक्षा चीड मोठी होती. कुठल्या तरी हाताने उठावं आणि माझ्या बापाला पाचबोट्या करावं? बघतेच, असं ती फळीला मोठ्याने म्हणाली.

या वेळी तिने काही शिल्लक ठेवलं नाही. जुनं व्हिनियर वाफेने सोडवून उचललं आणि बाहेर नेऊन जाळलं. दुसऱ्याच ओंडक्याचं, वेगळ्या रेषांचं नवं व्हिनियर कापून बसवलं. मागची फळी मात्र तीच ठेवली, सह्यांसकट. पुन्हा आठ थर. आठवा तिने सकाळी दिला आणि फळी कपाटात न ठेवता टेबलावर, उत्तरेच्या खिडकीसमोर ठेवली. दार आतून लावलं. स्वतः समोरच्या स्टुलावर हात पाठीमागे बांधून बसली.

बाहेर नेहमीची सकाळ चालली होती. समोरच्या गच्चीवर कोणीतरी गादी झोडपत होतं. स्पॅनरच्या गॅरेजमधून हातोडीचा आवाज येत होता. अकरा वाजले. साडेअकरा. लॅकर आरशासारखं पडून होतं, त्यात खिडकी, खिडकीत आभाळ.

बाराला दहा मिनिटं होती तेव्हा आभाळात एक ठिपका पडला.

तिला वाटलं, माशी बसली.

ठिपका लांबट झाला. वाकडा झाला. ती करंगळी होती.

मग तिच्या शेजारचं बोट. मग मधलं. घाई नव्हती. कोणीतरी तोल सावरण्यासाठी एकेक बोट टेकवावं, तशी ती उमटत होती. लॅकर दबताना कडेने किंचित वर येत होतं. खोलीत कसलाही आवाज नव्हता.

अंगठा सगळ्यात शेवटी आला.

ती उठली. वाकून तिने फळीवर श्वास सोडला. वाफ सगळीकडे धरली, पांढरी, सारखी. ठशावर मात्र धरली नाही. पाच बोटांची जागा तशीच चकचकीत राहिली. वाफ धरत नाही ती कोमट वस्तूवर, हे तिला कोणी शिकवायला नको होतं.

"ठीक आहे," ती फळीला म्हणाली. "आता मी पुसणार नाही."

तिने हाही ठसा एका कागदावर उतरवून घेतला. दोन दिवस थर पक्का होऊ दिला. मग फळी उलटी करून सातव्या सहीखाली आपली सही केली, साल घातलं, आणि पेन्सिल दाबून एक ओळ लिहिली: हा हात आमच्यापैकी कोणाचाही नाही. त्या ओळीने उरलेली जागा भरली. स्पॅनरला तिने निरोप दिला की मालकाला बोलाव, दिवसाढवळ्या, आणि गॅरेजची दारं उघडी ठेव. गल्लीतल्या कारागिरांनाही तिने जाऊन सांगितलं. येताना बाबांना घेऊन आली. बाबा नको नको म्हणत होते, पण सँडपेपरपुढे त्यांचंही काही चालत नसे.

गॅरेजमध्ये गाडी उभी होती, गडद हिरवी, जमिनीला टेकलेली. डॅशबोर्डाच्या जागी नुसत्या तारा लोंबत होत्या. तिने पहिल्यांदाच ती आतून पाहिली. चालकाच्या सीटचं कातडं झिजून मऊ पडलं होतं, शिवणी उसवल्या होत्या. शेजारची सीट करकरीत नवी होती.

मालक आला. पंच्याहत्तरीच्या पुढचा, पण पाठ अजून ताठ, हातात तेच मोजे. दारात जमलेली मंडळी पाहून त्याच्या कपाळाला आठी पडली. त्याने बाबांकडे एकदा पाहिलं आणि नजर काढून घेतली. ओळखलं होतं त्याने.

"ही सीट बदललीत का?" तिने विचारलं.

"नाही. तिथे कोणी बसत नाही."

"कधीच नाही?"

त्याने मोजे ओढून घट्ट केले. तिने गाडीच्या बॉनेटवर चादर टाकून त्यावर फळी ठेवली. ठसा उजेडात स्वच्छ दिसत होता. मग तिने आपले दोन कागद आणि बाबांच्या, पियानोवाल्याच्या सांगण्यावरून केलेल्या खुणा फळीवर ओळीने मांडल्या. दाराची कड. कप्प्याचं झाकण. मधोमध. मधल्यापासून दोन बोटं. आणि आताचा, वेगाच्या मीटरच्या भोकाला भिडलेला. तिने काही समजावून सांगितलं नाही. त्याला गरजही पडली नाही. तो वाकून करंगळीकडे बघत होता, ओळखीच्या माणसाकडे बघावं तसा.

त्याने विचारलं, "किती राहिलं?"

"स्टीअरिंगपर्यंत चार बोटं."

"पुसा ते."

"नाही."

"मग मी दुसरीकडे नेतो."

"न्या," ती म्हणाली. "मागे आठ सह्या झाल्यात. नवव्याला जागा नाही. आणि पुसलं की पुढे सरकतं, हे आता तुम्हालाही माहीत झालंय." मग ती वळली. "बाबा, हात काढा."

बाबा जागचे हलले नाहीत. तिने त्यांच्या कोपराला धरून पुढे आणलं. त्यांनी उजवा हात खिशातून काढला, हळूहळू. रुंद पंजा, जाडी बोटं, आता थरथरणारी. तो हात त्यांनी ठशावर टेकवला. पाचही बोटं ठशाच्या बाहेर एकेक पेर निघाली. करंगळी तर कुठल्या कुठे गेली.

"गरम आहे, पोरी," बाबा पुटपुटले.

मालकाने एक मोजा काढला, पुन्हा घातला.

"तुम्ही हात लावला नव्हता," तो बाबांना म्हणाला. "मला तेव्हाच माहीत होतं."

या माणसाला तोंडावर सुनावायचं तिने ठरवून ठेवलं होतं, सव्वीस वर्षांचं सगळं. पण बाबा आधी बोलले.

"मला माहीत नव्हतं," बाबा म्हणाले. "मला खरंच माहीत नव्हतं."

ते रडत होते, आणि दोन्ही हात बाहेर होते.

स्पॅनरने फळी बसवली, तारा जोडल्या. मालक एक अक्षर न बोलता गाडीत बसला आणि निघाला. गाडी वळेपर्यंत गल्ली बघत होती. इतक्या वर्षांच्या सवयीचा चालक, पण तो दाराला अंग चिकटवून बसला होता, बाकावर दुसऱ्याला जागा करून द्यावी तसा.

त्यानंतर तीन आठवडे गेले. गल्लीत पाचबोट्या हे नाव कोणी घेईना, आणि घेतलं तर सँडपेपर आहेच. पियानोवाल्याला तिने फोन करून सगळं सांगितलं तेव्हा तो नुसता हो, हो म्हणत राहिला. बाबा रोज सकाळी खाली येऊ लागले. हात थरथरतात म्हणून आधी नुसत्या पाटीवर बोळा फिरवला, मग एका दागिन्यांच्या पेटीवर. बोळा फिरायला लागला की थरथर थांबते, हे त्यांनाही नव्यानेच कळलं होतं.

पेटीला तिसरा थर चालू असताना स्पॅनर आला. या वेळी त्याने चहा मागितला नाही. मालक गाडी गॅरेजमध्ये सोडून गेला, म्हणाला. किल्ली टेबलावर ठेवली, आता ही मला चालवता येत नाही एवढंच बोलला, आणि चालत गेला. त्याला आठ दिवस झाले.

"आणि तू ते डागाचं कधी केलंस?" त्याने विचारलं. "फळी एकदम साफ आहे. आरसा नुसता."

"मी काही केलेलं नाही."

स्पॅनरने मान डोलावली. त्याला वाटलंच होतं. बाबांचा बोळा पेटीवर फिरतच होता. मधे थांबलं की चिकटतं.

"आणखी एक," स्पॅनर म्हणाला. "मालक उंच माणूस, त्याची सीट अगदी मागे असायची. मी रोज जाताना ती मागे लावून गॅरेज बंद करतो."

"मग?"

"सकाळी उघडलं की ती दोन खाचा पुढे असते."